खासगीरीत्या पाडलेली युद्धस्मृतिपदके : संग्रह, पारख आणि इतिहासलेखन

गोषवारा

युद्धानंतर शासन देते ते पदक आणि एखादा व्यापारी, संस्था, टांकसाळीचा मालक किंवा कलावंत स्वतःच्या खर्चाने काढतो ते पदक, ही दोन्ही दिसायला सारखी असली तरी इतिहासाची साधने म्हणून ती भिन्न आहेत. शासकीय पदक हा सेवेचा पुरावा असतो. खासगी पदक हा स्मरणाचा पुरावा असतो. प्रस्तुत लेखात अठराव्या शतकापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या काही निवडक पदकांच्या आधारे हा भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. त्याचबरोबर पदकांची पारख, जतन, त्यासंबंधीचा कायदा आणि नाहूर परिसरातील महाविद्यालयांना हाती घेता येईल असे नोंदणीचे काम यांचा विचार केला आहे.

बीजशब्द : स्मृतिपदक, टांकसाळ, ठसा, संग्रह, नाणकशास्त्र, मौखिक इतिहास

१. प्रास्ताविक

आपल्याकडे पदकाला बोलीभाषेत सरसकट ‘बिल्ला’ म्हणतात. घरातील जुन्या पत्र्याच्या पेटीत, देव्हाऱ्याच्या खणात किंवा दागिन्यांच्या डबीत असा एखादा बिल्ला सापडतो आणि ‘पणजोबांना लढाईत मिळालेला’ एवढीच त्याची ओळख पुढच्या पिढीला उरते. तो कोणत्या लढाईचा, कोणी दिलेला, कशाबद्दल दिलेला, हे सांगणारी व्यक्ती हयात नसते. पुष्कळदा तो लढाईत मिळालेलाच नसतो. कोणीतरी विकत घेतलेला, भेट म्हणून आलेला किंवा एखाद्या समारंभात वाटलेला असतो. परंतु घराण्याच्या स्मृतीत त्याला शौर्यपदकाचे स्थान मिळालेले असते.

इतिहासाच्या अभ्यासकाने अशा वेळी काय करावे? ‘हे खरे पदक नव्हे’ असे सांगून मोकळे व्हावे, की त्या वस्तूकडून वेगळ्या प्रकारची साक्ष काढून घ्यावी? प्रस्तुत लेखकाचे मत दुसऱ्या पर्यायाच्या बाजूचे आहे. खासगी स्मृतिपदकाला ‘कोणी पराक्रम केला’ हे विचारू नये. ‘कोणाला, कोणता प्रसंग, कोणत्या रीतीने लक्षात राहावा असे वाटत होते’ हे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर ते फार प्रामाणिकपणे देते, कारण ते लपविण्याची गरज ते काढणाऱ्याला वाटलेली नसते.

२. शासकीय आणि खासगी पदक : भेदाचे निकष

शासकीय युद्धपदकामागे एक हुकूम असतो, पात्रतेचे नियम असतात आणि लाभार्थींची यादी असते. ब्रिटिश अमदानीतील अनेक पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असे. पहिल्या महायुद्धानंतर दिलेले चांदीचे ब्रिटिश युद्धपदक हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. ते ३६ मिलिमीटर व्यासाचे असून कडेवरचे अक्षर वाचता आले की धारक कोण, हे कळण्याचा मार्ग खुला होतो. अनेक भारतीय बिगरलढाऊ सेवकांना हेच पदक चांदीऐवजी ब्राँझमध्ये मिळाले, ही बाबही त्या व्यवस्थेतील उतरंडीवर प्रकाश टाकते.

शासकीय पदकही विजेत्याचीच कथा सांगते, हे येथे नमूद केले पाहिजे. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर व पनियार येथे शिंद्यांच्या सैन्याचा पराभव झाला. त्यानंतर इंग्रजांच्या बाजूने लढलेल्यांना जो ‘ग्वाल्हेर तारा’ देण्यात आला, तो ग्वाल्हेरच्या सैन्याकडून हस्तगत केलेल्या तोफांच्या धातूतून घडवला होता. पराभूतांच्या तोफा वितळवून विजेत्यांच्या छातीवर लावण्यात आल्या. तसेच १८५१ साली मंजूर झालेल्या ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकाच्या फितीवर असई, अडगाव, गाविलगड, खडकी, सीताबर्डी, कोरेगाव अशा महाराष्ट्राच्या भूमीवरील लढायांच्या पट्ट्या आहेत. परंतु अर्ज करण्यास तोवर जिवंत राहिलेल्यांनाच ते प्रामुख्याने मिळू शकले. शासकीय पदकही अशा रीतीने अपुरे असते. मात्र त्याच्या अपुरेपणालाही नियम असतो व तो नियम कागदपत्रांत शोधता येतो.

खासगी पदकाला असा नियम नसतो. ते काढण्यामागे चार प्रकारचे हेतू आढळतात : कृतज्ञता, व्यापार, प्रचार आणि प्रतिष्ठा. बहुतेक पदकांत यांपैकी दोन-तीन हेतू एकत्र असतात. यांखेरीज एक मधला वर्गही आहे. आदेश शासनाचा किंवा कंपनीचा, पण पाडणारी टांकसाळ खासगी. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या विजयाबद्दल ईस्ट इंडिया कंपनीने दिलेले पदक या वर्गात मोडते. सिंहाने वाघाला खाली दाबल्याचे चित्र असलेले हे पदक बर्मिंगहॅमजवळील सोहो येथे मॅथ्यू बोल्टन याच्या खासगी टांकसाळीत पाडले गेले. हुद्द्याप्रमाणे सोने, सोनेरी मुलाम्याची चांदी, चांदी, ब्राँझ व कथील अशी त्याची प्रतवारी होती. कलकत्त्याच्या टांकसाळीतही त्याची थोडी लहान आवृत्ती निघाली. म्हणून केवळ टांकसाळीचे नाव पाहून पदक शासकीय की खासगी हे ठरवता येत नाही. आदेश कोणाचा होता, हे पाहावे लागते.

३. प्लासी ते श्रीरंगपट्टण : पदकावर कोण नाही?

भारतातील युद्धावर निघालेल्या आरंभीच्या खासगी पदकांत प्लासीच्या पदकाची गणना होते. लढाई २३ जून १७५७ ची. पदकावरील वर्ष १७५८. ते इंग्लंडच्या राजाने काढले नाही व कंपनीनेही नाही. लंडनमध्ये १७५४ साली स्थापन झालेल्या, कला व वाणिज्य यांस उत्तेजन देणाऱ्या संस्थेच्या नावाने ते निघाले. रचना जेम्स स्टुअर्ट याची आणि ठसा जॉन पिंगो याने कोरलेला. एका बाजूस हत्तीवर बसलेली विजयदेवता असून ‘क्लाइव्ह सेनापती’ असा उल्लेख आहे. दुसऱ्या बाजूस रोमन वेषातील क्लाइव्ह बंगालच्या नव्या सुभेदाराला राजदंड देत आहे. भोवतीच्या लेखाचा आशय असा : अन्यायाचे परिमार्जन झाले, सवलती वाढल्या, प्रदेश मिळाला.

एका व्यापारी राष्ट्राचा हिशेब इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच मांडला गेला असेल. जमेच्या तीनही बाजू पदकावर आहेत. खर्चाची एकही नाही. कारस्थानाचा तर मागमूसही नाही. मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट आठवेल. प्लासीच्या सुमारे सोळा महिने आधी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, हाच क्लाइव्ह ॲडमिरल वॉटसनच्या आरमारासोबत विजयदुर्गावर होता. तुळाजी आंग्र्यांविरुद्धच्या त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांचे सहकारी होते. इंग्रजांच्या वर्णनांतील ‘घेरिया’ तो हाच. त्या प्रसंगाने मराठी आरमाराची एक मोठी शाखा संपली.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. तिसऱ्या म्हैसूर युद्धाच्या अखेरीस, फेब्रुवारी १७९२ मध्ये, टिपू सुलतानाने आपले दोन लहान मुलगे लॉर्ड कॉर्नवॉलिस याच्याकडे ओलीस ठेवले. हा प्रसंग इंग्लंडमध्ये अतिशय लोकप्रिय झाला; चित्रकारांनी तो वारंवार रंगवला. कोनराड हाइनरिश क्यूखलर या कोरीवकाराने त्याच विषयावर पदकाचा ठसा तयार केला आणि ते बोल्टनच्या सोहो येथील कारखान्यातून निघाले. सुमारे ४८ मिलिमीटर व्यासाच्या या पदकाच्या एका बाजूस कॉर्नवॉलिसची अर्धप्रतिमा असून दुसऱ्या बाजूस तो दोन मुलांचा स्वीकार करताना दिसतो. वर ‘शत्रूला क्षमा करणे उचित ठरो’ अशा अर्थाचे लॅटिन वचन आहे. हे पदक कोणा शिपायाला लढाईबद्दल मिळाले नाही. ते संग्राहकांच्या दालनासाठी होते.

आता पदकावर कोण नाही ते पाहावे. हे युद्ध एकट्या इंग्रजांनी केले नव्हते. निजाम आणि मराठे हे त्यातील बरोबरीचे पक्ष होते. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेने मुंबईहून आलेल्या कॅप्टन लिटलच्या तुकडीसह धारवाडला दीर्घकाळ वेढा दिला व एप्रिल १७९१ मध्ये ते ठाणे पडले. हरिपंत फडके पेशव्यांच्या वतीने श्रीरंगपट्टणच्या छावणीत होते. मार्च १७९२ च्या तहाने टिपूला अर्धे राज्य आणि ३ कोटी ३० लाख रुपये द्यावे लागले व त्याचे वाटप तिन्ही पक्षांत झाले. पदकावर मात्र एकच विजेता आहे. दोन मित्रपक्ष क्षमाशीलतेच्या त्या देखाव्यातून वगळले गेले आहेत.

हे वगळणे मुद्दाम केले की जागेअभावी झाले, हा प्रश्न येथे गौण आहे. ४८ मिलिमीटरच्या चकतीवर सर्व काही मावत नाही, हे खरेच. पण काय मावले पाहिजे याची निवड कोणीतरी केलेली असते आणि तीच आपली साक्ष असते. पुढे मराठे व इंग्रज एकमेकांसमोर उभे ठाकले, तेव्हा इंग्रजी वाचकाच्या मनात १७९२ चा मराठी सहकारी कितपत शिल्लक होता, याचा विचार करताना हे पदक हाताशी असावे. इतिहासाच्या वर्गात तहाची कलमे शिकवताना त्याचे छायाचित्र शेजारी ठेवले, तर साधनचिकित्सा म्हणजे काय हे विद्यार्थ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

या टांकसाळीचा मुंबईशीही संबंध आहे. सोहो येथील दुसऱ्या टांकसाळीची यंत्रसामग्री १८२० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईसाठी विकत घेतली. फोर्ट भागातील मुंबईची टांकसाळ १८२९ पासून वाफेच्या यंत्रांवर चालू झाली, ती याच व्यवहाराच्या पायावर.

४. कडेवरचे नाव

खासगी पदकाची कड नेहमी आधी वाचावी. तेथे बहुधा घेणाऱ्याचे नाव नसते, देणाऱ्याचे असते.

१ ऑगस्ट १७९८ रोजी नाईलच्या मुखाशी नेल्सनने फ्रेंच आरमाराचा पराभव केला. त्या काळी सर्व हुद्द्यांच्या नौसैनिकांना पदक देण्याची शासकीय प्रथा नव्हती. नेल्सनचा आर्थिक व्यवहार पाहणारा अलेक्झांडर डेव्हिसन याने स्वखर्चाने पदके पाडून घेतली. ठसा पुन्हा क्यूखलरचा आणि टांकसाळ बोल्टनची. कप्तानांना सोन्याचे, त्याखालील अधिकाऱ्यांना चांदीचे, कनिष्ठ अधिकाऱ्यांना सोनेरी मुलाम्याच्या ब्राँझचे आणि खलाशांना साध्या ब्राँझचे, अशी वाटणी झाली. कडेवरील लेख डेव्हिसनचे नाव व पत्ता सांगतो आणि ही आदराची भेट असल्याचे नमूद करतो. १८०५ च्या ट्राफल्गारच्या लढाईनंतर खुद्द बोल्टनने खलाशांसाठी कथिलमिश्रित धातूची पदके काढली. त्यांच्याही कडेवर ‘ट्राफल्गारच्या वीरांस, बोल्टनकडून’ अशा आशयाची अक्षरे आहेत. हलक्या धातूचा राग येऊन काही खलाशांनी ती समुद्रात फेकली, अशी आख्यायिका सांगितली जाते.

दोन्ही पदकांत खलाशी निनावी आहे. काही खलाशांनी मागाहून मोकळ्या जागेत आपले नाव व जहाज स्वतः कोरून घेतले. ही ओबडधोबड अक्षरे नाणकशास्त्रज्ञाच्या दृष्टीने पदकाची नासधूस ठरली असती. इतिहासकाराच्या दृष्टीने तोच त्यावरील सर्वांत मोलाचा मजकूर आहे. ज्याच्यासाठी पदक निघाले त्याने त्यावर आपला हक्क नोंदवला, असा त्याचा अर्थ. मात्र अशी अक्षरे किंमत वाढवण्यासाठी नंतरही कोरता येतात, याचे भान ठेवले पाहिजे. जुन्या कोरीव रेषेच्या तळाशी बाकीच्या पृष्ठभागासारखाच काळपटपणा असतो. नवी रेषा भिंगाखाली चकाकते.

देणाऱ्याच्या नावाचा विचार करताना गांधीजींचे उदाहरण लक्षात येते. ऑगस्ट १९२० मध्ये त्यांनी कैसर-ए-हिंद सुवर्णपदकासह बोअर युद्ध व झुलू बंड यांतील सेवेची पदके व्हाइसरॉयला परत केली. शासकीय पदकामागे सत्ता असते, म्हणून ते परत करण्याला राजकीय अर्थ येतो. खासगी पदक परत करून निषेध करता येत नाही. ते फार तर समुद्रात फेकता येते.

५. ल्युसिटानिया : नकलेतून घडलेला पुरावा

खासगी पदकांचा प्रचारासाठी कसा उपयोग होतो आणि त्यातून संग्राहकापुढे कोणत्या अडचणी उभ्या राहतात, याचे अभ्यासयोग्य उदाहरण म्हणजे ल्युसिटानियाचे पदक. ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने हे ब्रिटिश प्रवासी जहाज बुडवले. म्युनिक येथील कार्ल गोएत्झ या पदककाराने त्याच वर्षी स्वतःच्या विचाराने एक उपहासात्मक पदक काढले. एका बाजूस बुडणारे जहाज, दुसऱ्या बाजूस जहाज कंपनीच्या खिडकीशी तिकिटे विकणारा सांगाडा व ‘धंदा सर्वांहून वर’ या अर्थाची अक्षरे. युद्धसामग्री लादलेल्या जहाजातून कंपनीने नफ्यासाठी प्रवासी नेले, असा त्याचा रोख होता.

गोएत्झने पदकावर ७ मे ऐवजी ५ मे ही तारीख घातली. या एका चुकीने पदकाचा अर्थ उलटला. जहाज बुडण्याच्या दोन दिवस आधीची तारीख म्हणजे जर्मनांचा कट पूर्वनियोजित असल्याचा पुरावा, असा प्रचार ब्रिटनमध्ये झाला. त्यासाठी त्या पदकाची हुबेहूब नक्कल करण्यात आली. पुठ्ठ्याच्या पेटीत, माहितीपत्रकासह, एक शिलिंगला ती विकली गेली. अशा सुमारे तीन लाख प्रती निघाल्याचे मानले जाते. विक्रीचे उत्पन्न युद्धात अंध झालेले सैनिक व रेडक्रॉस यांच्या मदतीसाठी होते. गोएत्झने नंतर तारीख दुरुस्त करून नवी आवृत्ती काढली, पण तोपर्यंत नकलेने मूळ पदकाला मागे टाकले होते.

संग्राहक या दोहोंतील भेद एका शब्दावरून ओळखतात. मूळ जर्मन पदकावर महिन्याचे नाव जर्मन वर्तणीत ‘माइ’ असे आहे. ब्रिटिश नकलेवर इंग्रजी ‘मे’ आहे. रोमन लिपीत हा फरक अवघ्या एका अक्षराचा. आज बाजारात आढळणारी बहुसंख्य पदके ब्रिटिश नकला आहेत. म्हणून त्या निरुपयोगी ठरत नाहीत. मूळ पदक एका जर्मन कलावंताचे मत सांगते. नक्कल एका राष्ट्राची प्रचारनीती सांगते. इतिहासाच्या अभ्यासकाला दोन्ही हवीत. मात्र कोणते कोणते आहे, हे नोंदवहीत स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे.

६. आझाद हिंदची पदके : सीमारेषेवरचा प्रश्न

आपल्या इतिहासातील एक उदाहरण या वर्गीकरणाचीच परीक्षा पाहते. नेताजी सुभाषचंद्र बोस जर्मनीत असताना, १९४२ च्या सुमारास, आझाद हिंदच्या सन्मानचिन्हांची योजना झाली. शेर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, वीर-ए-हिंद, शहीद-ए-भारत अशी त्यांची नावे. ती व्हिएन्ना येथील रुडॉल्फ सूव्हाल या खासगी पेढीने घडवली. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापूर येथे आझाद हिंद सरकारची स्थापना झाली. तेव्हा ही पदके शासकीय म्हणावीत की खासगी?

ब्रिटिश हिंदुस्थानच्या दप्तरात ती बंडखोरांची चिन्हे होती. ज्यांनी ती स्वीकारली त्यांच्या दृष्टीने ती स्वतंत्र भारताच्या सरकारची होती. पदकाचे स्वरूप धातूवरून ठरत नाही, ते देणाऱ्याच्या अधिकारावरून ठरते. आणि तो अधिकार कोणाचा, हा प्रश्न इतिहासाचा व राज्यशास्त्राचा आहे. संग्राहकापुढची अडचण आणखी वेगळी आहे. सूव्हाल पेढीने युद्धानंतरही संग्राहकांसाठी अशा पदकांच्या प्रती काढल्या. त्यामुळे बाजारात दिसणारे आझाद हिंदचे पदक युद्धकाळातील असेलच असे नाही, आणि ते कोणा सैनिकाच्या छातीवर होते असे तर मुळीच गृहीत धरता येत नाही. येथे वस्तूपेक्षा तिचा हस्तांतरणाचा इतिहास महत्त्वाचा ठरतो. कोणत्या घरातून, कोणाच्या हातून, कोणत्या कागदपत्रांसह ते आले, याची नोंद नसेल तर पदक मुके राहते.

७. पारख : महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील कसोट्या

पदकाची पारख ही केवळ जाणकारांची विद्या नाही. आपल्या महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र विभागांत उपलब्ध असलेल्या साधनांनी प्राथमिक निर्णय घेता येतो.

पहिली कसोटी मोजमापाची. व्यास, जाडी आणि वजन मोजून ते प्रकाशित सूचींतील मापांशी ताडून पाहावे. मूळ पदकावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल बहुधा किंचित लहान भरते, कारण धातू थंड होताना आकुंचन पावतो.

दुसरी कसोटी पृष्ठभागाची. ठशाने पाडलेल्या पदकाची अक्षरे धारदार व पार्श्वभूमी गुळगुळीत असते. ओतीव नकलेवर बारीक छिद्रे, बोथट अक्षरे आणि कडेवर जोड घासून काढल्याच्या खुणा आढळतात. दहा पट मोठे दाखवणारे भिंग यासाठी पुरेसे आहे.

तिसरी कसोटी विशिष्ट गुरुत्वाची. पदक प्रथम हवेत तोलावे, नंतर बारीक दोऱ्याने पाण्यात टांगून तोलावे. हवेतील वजनाला वजनातील घटीने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. शुद्ध चांदीचे ते १०.५ च्या जवळ, पदकांच्या चांदीचे सुमारे १०.३, तांबे व तांबे-निकेल मिश्रधातूचे सुमारे ८.९ आणि कथिलाचे ७.३ असते. म्हणजे ४० ग्रॅमचे चांदीचे पदक पाण्यात सुमारे ३.९ ग्रॅमने हलके होईल. तेवढ्याच वजनाचे तांबे-निकेलचे पदक ४.५ ग्रॅमने आणि कथिलाचे जवळजवळ ५.५ ग्रॅमने. पदकाला ओरखडा न काढता, कानस न लावता हा निर्णय करता येतो. सोनाराच्या कसोटीच्या दगडावर पदक घासण्याचा मोह मात्र टाळावा.

चौथी कसोटी कडीची. अनेक स्मृतिपदके हातात धरून पाहण्यासाठी असतात. त्यांना फितीची कडी नसते. मागाहून भोक पाडलेले किंवा कडी डाखलेली दिसली, तर कोणीतरी ते अंगावर मिरवले असा अर्थ होतो. दोष म्हणून ती कडी काढून टाकू नये, कारण ती त्या पदकाच्या आयुष्याची नोंद आहे.

८. जतन आणि कायदा

मुंबईची दमट व खारी हवा धातूला मानवत नाही. ब्राँझवर क्षारांमुळे हिरवट भुकटीसारखा गंज धरतो व तो पसरत जातो. चांदी गंधकयुक्त हवेने काळी पडते. घरोघरी यावर चिंच, राख किंवा भांडी घासण्याची पावडर वापरली जाते. त्याने पदक चकचकीत होते, पण दर वेळी पृष्ठभागाचा थर निघून जातो व कडेवरची अक्षरे प्रथम पुसट होतात. पदक घासू नये. आम्लरहित कागदात गुंडाळून, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह बंद डबीत ठेवावे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून निघणारी रसायने धातूला चिकटतात, म्हणून तीही टाळावीत. पदक कडेला धरून उचलावे व शक्यतो सुती हातमोजे वापरावेत.

कायद्याच्या बाजू प्रामुख्याने दोन. पुरावस्तू व कलामूल्य वस्तू अधिनियम, १९७२ नुसार किमान शंभर वर्षे जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. ती खासगी व्यक्तीने बाळगण्यास मनाई नाही. मात्र खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार परवान्याखेरीज करता येत नाही. १९१४–१८ च्या युद्धाच्या काळातील पदकांनी आता शंभर वर्षांची मर्यादा ओलांडली आहे, ही बाब अनेक कुटुंबांच्या ध्यानात आलेली नाही. दुसरी बाजू पदक धारण करण्याची. सैनिक नसताना, आपण सैनिक आहोत असे लोकांना वाटावे या हेतूने तसा पोशाख वा चिन्ह वापरणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम १४० प्रमाणे अपराध होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद कायम आहे. संग्राहकाने पदक जपावे, दाखवावे, अभ्यासावे. छातीवर लावू नये. तो मान ज्याने कमावला त्याचा आहे.

९. नाहूर परिसरात करता येण्याजोगे काम

भांडुप व मुलुंड यांच्या मधोमध असलेल्या नाहूरच्या आसपास सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड या जिल्ह्यांतून कामधंद्यासाठी आलेली असंख्य कुटुंबे स्थायिक झाली. हेच जिल्हे मुंबई इलाख्यातील सैन्यभरतीचे मोठे प्रदेश होते. सातारा जिल्ह्यातील ‘मिलिटरी’ हे बिरुद नावासोबत वागवणाऱ्या अपशिंगे गावाचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. अशा गावांतून मुंबईत आलेल्या पेट्यांत काय आहे, हे कोणी पद्धतशीरपणे पाहिलेले नाही.

हे पाहण्याची वेळ निघून जात आहे. चाळी व जुन्या इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होताना पेट्या उपसल्या जातात. कागद रद्दीत जातात, पितळ-ब्राँझ भंगारवाल्याकडे आणि चांदी सोनाराकडे. चांदीचा भाव वाढला की हा ओघ वाढतो. १९८० च्या सुमारास जगभर चांदी महागली तेव्हा असंख्य चांदीची युद्धपदके वितळवली गेली. वितळलेल्या पदकाबरोबर कडेवरचे नावही जाते. काही वस्तू चोर बाजारात पोहोचतात, तेथून संग्राहकाकडे. पण तोवर घराचा व गावाचा धागा तुटलेला असतो.

म्हणून महाविद्यालयांनी पदके गोळा करू नयेत, नोंदी गोळा कराव्यात, असे सुचवावेसे वाटते. विद्यार्थ्याने आपल्या व शेजारच्या घरांत चौकशी करावी, वस्तूची दोन्ही बाजूंची व कडेची छायाचित्रे घ्यावीत, मापे लिहावीत आणि घरातील ज्येष्ठ व्यक्तीने सांगितलेली हकीकत तिच्याच शब्दांत, तारखेसह उतरवून घ्यावी. पदक त्याच घरात राहावे. नोंदवहीत प्रत्येक वस्तूपुढे चार प्रश्नांची उत्तरे असावीत : हे कोणी काढले? कोणासाठी काढले? त्यावर कोण नाही? आणि ते या घरात कसे आले? घरचे सांगतात ते आणि वस्तू सांगते ते यांत तफावत आढळली, तर दोन्ही लिहावे. एकाने दुसरे खोडू नये. कुटुंबाची संमती व त्यांच्या नावाची गोपनीयता अर्थातच पाळली जावी.

‘हे शौर्यपदक नव्हे’ असे एखाद्या घरात सांगण्याची वेळ आली तर ते कसे सांगावे, हाही शिक्षणाचा भाग आहे. पणजोबा लढाईत होते की नव्हते, हा प्रश्न त्या बिल्ल्यावर अवलंबून नसतो. बिल्ला बाजारातला असेल आणि पणजोबा रणांगणावर असतील. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. पलटणीचे नाव, निवृत्तिवेतनाचा कागद, गावातील स्मारकशिला यांतून त्यांचा माग काढता येतो. विद्यार्थ्याने बिल्ल्याबद्दलचा गैरसमज दूर करून तिथेच थांबू नये. पुढचा माग काढण्यास त्या कुटुंबाला मदत करावी.

तुलनेसाठी साहित्य दूर नाही. नाहूरहून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरल्यावर रिझर्व्ह बँकेचे २००४ साली सुरू झालेले नाणे संग्रहालय, टांकसाळीची इमारत आणि १९२२ साली खुले झालेले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय एका दिवसात पाहता येतात. या वस्तुसंग्रहालयाची इमारत पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली होती, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. अधिक अभ्यासासाठी नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० मध्ये स्थापन झालेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे.

१०. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

पहिला, खासगी युद्धस्मृतिपदक सेवेचा वा पराक्रमाचा पुरावा म्हणून वापरता येत नाही. ते काढणाऱ्याच्या दृष्टीचा पुरावा म्हणून वापरावे. दुसरा, अशा पदकावरील अनुपस्थिती उपस्थितीइतकीच अर्थपूर्ण असते. १७९२ च्या पदकावर मराठे व निजाम नाहीत, नाईलच्या पदकावर खलाशाचे नाव नाही. तिसरा, नक्कल हीदेखील साधनसामग्री आहे. अट एवढीच की ती नक्कल म्हणून नोंदवलेली असावी. चौथा, पदकाचे मूल्य त्याच्या धातूपेक्षा त्याच्या हस्तांतरणाच्या इतिहासात अधिक आहे आणि तो इतिहास पदकापेक्षा लवकर नष्ट होतो.

या शेवटच्या निष्कर्षाची जबाबदारी आपणा शिक्षकांवर येते. धातू शे-दोनशे वर्षे सहज टिकतो. त्याविषयी सांगू शकणारी आजी मात्र आज ऐंशीच्या घरात आहे. संग्राहकाला पदक उद्याही मिळेल. तिची हकीकत उद्या मिळेलच असे नाही. त्यामुळे वर सुचवलेल्या नोंदवहीचे पहिले पान येत्या सत्रातच लिहिले जावे, ही विनंती.